घड्याळं जुळवून मेसेजचा क्रम लागत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन सिम्युलेटर आहेत, एक विमानं उडवतो, दुसरा रडार चालवतो, तिसरा जमिनीवरची क्षेपणास्त्रांची बॅटरी, तिन्ही वेगळ्या मशीनवर आणि एचएलए (वेगवेगळे सिम्युलेटर एकत्र चालवायचं स्टँडर्ड) वापरून जोडलेले. चौथा एक लॉगर आहे तो काही पाठवत नाही, नुसतं ऐकतो आणि फाइलमध्ये लिहितो. तर लॉगरच्या फाइलमध्ये मधूनच "विमान पडलं" ही ओळ आधी येते आणि "क्षेपणास्त्र सुटलं" नंतर. सगळ्या मशीनवर एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत) लावून झालं, काही फरक नाही. मग एचएलएचं टाइम मॅनेजमेंट (मेसेज वेळेच्या क्रमाने देणारी सोय) चालू केलं, लुकअहेड (आत्ताच्या वेळेपासून कमीत कमी किती पुढच्या वेळेचेच मेसेज पाठवू, हे आधी सांगून ठेवलेला आकडा) शून्य ठेवलं कारण तेच सेफ वाटलं, तर आता रन इतका रेंगाळतो की एका मशीनवर सगळं चालवलेलं बरं. आणि जाता जाता विचारलंय की टाइम वॉर्प (वाट न बघता पुढे जायचं, चुकलं तर मागे यायचं अशी पद्धत) वापरून बघू का.

आधी एनटीपीचं बघू कारण हा गैरसमज इतका पसरलेला आहे की बरीच वर्षं काम केलेले लोकही तिथूनच सुरुवात करतात. बॅटरीने "सुटलं" हा मेसेज विमानाच्या फेडरेटला (एचएलएने जोडलेल्या प्रत्येक प्रोग्रामला फेडरेट म्हणतात) आणि लॉगरला असा दोघांना पाठवला. विमानाच्या फेडरेटला तो लगेच मिळाला, त्याने गणित केलं, विमान पडलं असं ठरवलं आणि ते लॉगरला कळवलं. मधल्या वेळात बॅटरीकडून लॉगरकडे निघालेला मूळ मेसेज अजून कुठल्यातरी बफरमध्येच होता. झालं, लॉगरला परिणाम आधी दिसला आणि कारण नंतर. टीसीपी वापरत असाल तरी हे होणारच, कारण टीसीपी क्रमाची हमी देतो ती एका कनेक्शनपुरती, बॅटरी-लॉगर आणि विमान-लॉगर ही दोन वेगळी कनेक्शनं आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता समजा तुमची घड्याळं नॅनोसेकंदापर्यंत जुळली. तरी काय होणार? लॉगरच्या हातात "विमान पडलं, वेळ १२.४" असा मेसेज आलाय. याच्या आधीच्या वेळेचा एखादा मेसेज अजून वाटेत आहे का नाही हे त्याला कुठून कळणार? पत्रावर तारीख अचूक घातली म्हणून आधीचं पत्र आधी पोचतं असं नाही ना, तसंच. टाइमस्टॅम्पने फक्त हातात आलेले मेसेज लावता येतात. जो अजून आलाच नाहीये त्याच्याबद्दल टाइमस्टॅम्प काही सांगत नाही. थोडं थांबून बघू म्हणाल, तर किती थांबायचं? नेटवर्क कधी किती रखडेल याला धरबंध नाही, आणि रन दोनदा केला की दोन वेगळी उत्तरं येतात, मग त्या सिम्युलेशनवरून काही निष्कर्ष काढायचा कसा.

लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्येच भिंतीवरचं घड्याळ आणि घटनांचा क्रम या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या होत्या. सिम्युलेशनमध्ये तर त्याहून एक पाऊल पुढे जावं लागतं, कारण इथे वेळ हा मॉडेलचाच भाग आहे. सिम्युलेशनमधला एक सेकंद तुमच्या सीपीयूवर दहा मिलिसेकंदात होईल नाहीतर दहा मिनिटं घेईल, भिंतीवरच्या घड्याळाचा त्याच्याशी काय संबंध. म्हणून प्रत्येक फेडरेटची स्वतःची लॉजिकल वेळ असते, आणि प्रश्न एकच उरतो: मी माझी वेळ अमुक इतकी पुढे नेली तर नंतर मागच्या वेळेचा मेसेज येऊन मला तोंडघशी पाडणार नाही ना?

याचं उत्तर घड्याळातून येत नाही, बाकीच्यांनी दिलेल्या वचनातून येतं. प्रत्येक पाठवणारा सांगतो की या वेळेच्या आधीचं मी आता काहीही पाठवणार नाही. सगळ्यांच्या वचनातलं सगळ्यात लहान घेतलं की तिथपर्यंत मी बिनधास्त जाऊ शकतो. ही कल्पना सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रायंट आणि चंडी-मिश्रा यांनी वेगवेगळी मांडली (चंडी आणि मिश्रा दोघेही आपल्या आयआयटीतून शिकून तिकडे गेलेले, एक मद्रासचे, एक कानपूरचे, हे आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना माहीतच नसतं). एचएलएमध्ये ते गणित आरटीआय (फेडरेटना जोडणारं मधलं सॉफ्टवेअर) तुमच्यासाठी करतो, आणि त्या सगळ्यात लहान वचनाला एचएलएच्या जुन्या १.३ आवृत्तीच्या काळात एलबीटीएस म्हणायचे, आयईईई १५१६ ही एचएलएची स्टँडर्ड आवृत्ती आल्यापासून गॅल्ट म्हणतात.

आकड्यांनी बघू म्हणजे डोक्यात बसेल. वेळ मिलिसेकंदात, पूर्णांकात. विमान १००० वर आहे, त्याचा लुकअहेड १००. रडार १००० वर, लुकअहेड ५००. बॅटरीचा लुकअहेड ५०, आणि तिने टाइम अॅडव्हान्स रिक्वेस्ट करून, म्हणजे आरटीआयकडे वेळ पुढे न्यायची परवानगी मागून, १३०० मागितलंय. विमानाचं वचन (त्याची वेळ अधिक लुकअहेड) ११००, रडारचं १५००, लहान ११००, म्हणून बॅटरीला १३०० मिळत नाही, ती थांबते. आता विमानाने ११०० मागितलं. विमानापुरतं बघायचं तर रडारचं वचन १५०० आणि बॅटरीचं १३५० (१३०० मागून बसलीय, म्हणजे १३०० अधिक ५०), तेव्हा विमानाला ११०० लगेच मिळतं, मग ते १२०० मागतं तेही मिळतं, आणि आता त्याचं वचन झालं १३००. बॅटरीला ग्रँट, म्हणजे परवानगी, मिळेल का? नाही! कारण वचन १३०० म्हणजे बरोबर १३०० चा मेसेज अजून येऊ शकतो, आणि टाइम अॅडव्हान्स रिक्वेस्टमध्ये ग्रँट मिळाल्यावर त्या वेळेचं किंवा त्याआधीचं काही येणार नाही अशी हमी असते. विमानाने १३०० मागितलं की वचन १४०० होतं आणि तेव्हा कुठे बॅटरी सुटते. त्याच रिक्वेस्टचा अव्हेलेबल वाला प्रकार वापरला असता तर बॅटरीला आधीच १३०० मिळालं असतं, पण मग १३०० चेच आणखी मेसेज नंतर येऊ शकतात हे गृहीत धरून कोड लिहावा लागतो, आणि तो लिहिलेला असतो का, तर बहुतेक वेळा नसतो.

आता तुमच्या शून्य लुकअहेडकडे येतो, खरी ग्यानबाची मेख इथे आहे. शून्य म्हणजे सेफ असं वाटतं कारण मॉडेलमध्ये काही बदलावं लागत नाही, आणि एचएलए ते चालवूनही घेतो. पण वरच्याच उदाहरणात सगळ्यांचा लुकअहेड शून्य करून बघा. रडार १००० वर गणित करतंय, त्याला पुढचं पाऊल १५०० ला टाकायचंय. ते गणित करत असेपर्यंत विमानाला ११०० वर जाता येत नाही. रडारचं झालं, त्याने १५०० मागितलं, आता ते विमान १५०० पर्यंत पोचेपर्यंत रिकामं बसणार. म्हणजे दोन मशीन घेऊन तुम्ही आळीपाळीने काम करून घेताय, वर नेटवर्कचा खर्च वेगळा. रेंगाळणार नाही तर काय. तेच रडारला ५०० चा लुकअहेड दिला की ते १००० वर गणित करत असतानाच विमान ११००, १२००, १३००, १४०० करत पुढे जातं, दोघं खरोखर एकाच वेळी राबतात.

आणि लुकअहेड अगदी शून्य नाही पण बारीक ठेवला तरी त्रास होतोच. नल मेसेजची जुनी पद्धत घ्या, म्हणजे पाठवायला काही नसलं तरी "माझं वचन आता इतकं" एवढंच सांगणारा रिकामा मेसेज. दोन प्रोसेस ५ सेकंदांवर आहेत, पुढची खरी घटना १०० ला आहे, लुकअहेड ०.२. दर मेसेजमागे वेळ ०.२ ने सरकते, म्हणजे मधले ९५ सेकंद ओलांडायला ४७५ रिकामे मेसेज, आणि त्यातून काम शून्य. लुकअहेड १० असता तर दहाच लागले असते. तिथे चक्रात सगळ्यांचा लुकअहेड शून्य असेल तर वेळ सरकतच नाही, सरळ डेडलॉक.

मग लुकअहेड आणायचा कुठून? कॉन्फिगमध्ये आकडा वाढवून नाही, एवढं लक्षात ठेवा, कारण लुकअहेड ५०० सांगितलात की तुमचा फेडरेट १००० वर असताना १५०० च्या आतला टाइमस्टॅम्प लावूच शकत नाही, लावलात तर आरटीआय इनव्हॅलिड लॉजिकल टाइम म्हणून एक्सेप्शन तोंडावर मारतो. तो मॉडेलमधून खणून काढायचा असतो. जिथे जिथे खऱ्या जगात उशीर होतो तिथे लुकअहेड दडलेला असतो. रडारने प्रतिध्वनी पकडला आणि ट्रॅक बनून पुढे गेला यात प्रोसेसिंगचा वेळ जातो, तुमच्या मॉडेलमध्ये तो अर्धा सेकंद धरलेला असेल तर १००० ला दिसलेलं विमान १५०० च्या टाइमस्टॅम्पने कळवा, हाच तुमचा ५०० चा लुकअहेड, यात फसवाफसवी काही नाही उलट मॉडेल जास्त खरं झालं. ऑपरेटरने बटण दाबायला घेतलेला वेळ, रेडिओ लिंकचा डिले, लाँचरचा सेटअप टाइम, सगळे तसेच. एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये सिम्युलेशन अनेक प्रोसेसवर वाटतात तेव्हा लुकअहेड थेट पॉइंट-टू-पॉइंट लिंकच्या डिलेमधून घेतात, म्हणून तिथे तुकडे पाडताना जास्त डिलेची लिंक बघून तिच्यावर कापायचं असतं. अजून एक युक्ती जी लोक विसरतात, रँडम सर्व्हिस टाइम असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधीच तो आकडा काढून ठेवा, म्हणजे पुढचं आउटपुट कमीत कमी किती उशिरा येणार हे आधीच माहीत होतं. आणि हो, रन चालू असताना लुकअहेड कमी केला तर तो तिथल्या तिथे कमी होत नाही, आधी दिलेलं वचन मोडता येत नाही म्हणून तुमची वेळ जशी पुढे जाईल तसा तो उतरत जातो. त्यावरून "आरटीआयमध्ये बग आहे" अशी ओरड बऱ्याचदा होते.

आता तुमच्या लॉगरबद्दल. टाइम मॅनेजमेंट चालू केल्यावर क्रम सुटला का नाही ते तुम्ही लिहिलं नाहीये, नुसतं रेंगाळतंय एवढंच म्हणालात. माझी शंका अशी की क्रम अजूनही अधूनमधून चुकतच असणार, कारण लॉगर "काही पाठवत नाही" म्हणून त्याला कोणी हात लावलेला नसतो. मेसेज टाइमस्टॅम्पच्या क्रमाने मिळायला चार गोष्टी एकदम जुळाव्या लागतात: पाठवणारा रेग्युलेटिंग (ज्याच्या वचनाची बाकीच्यांना वाट बघावी लागते असा) हवा, पाठवताना टाइमस्टॅम्प दिलेला हवा, त्या मेसेजचा ऑर्डर टाइमस्टॅम्प असा ठरलेला हवा (तो एफओएम, म्हणजे कुठले मेसेज कसे जाणार-येणार ते लिहिलेल्या फाइलमधून येतो), आणि घेणारा कन्स्ट्रेंड (जो बाकीच्यांच्या वचनांसाठी थांबतो असा) हवा. यातली एक जरी राहिली तरी एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, मेसेज गुपचूप रिसिव्ह ऑर्डरने, म्हणजे जसा पोचेल तसा मिळतो. लॉगरला रेग्युलेटिंग करू नका, उगाच सगळ्यांना त्याची वाट बघावी लागेल, पण कन्स्ट्रेंड करायलाच हवा आणि त्याने स्वतः वेळ मागत राहायला हवी. आणि एफओएम उघडून बघा, कुठूनतरी कॉपी केलेल्या फाइलमध्ये निम्म्या इंटरॅक्शनपुढे (म्हणजे मेसेजच्या प्रकारांपुढे) ऑर्डरच्या जागी रिसिव्ह लिहिलेलं असतं.

याच्या उलटंही एक आहे. कन्स्ट्रेंड केल्यावर रिसिव्ह ऑर्डरचे मेसेज एकदम गठ्ठ्याने यायला लागतील, मधे काहीच नाही आणि मग धाडकन वीस. ते बिघडलेलं नाही. कन्स्ट्रेंड फेडरेटला असे मेसेज एरवी फक्त वेळ मागून ग्रँटची वाट बघत असतानाच मिळतात. ते कधीही यायला हवे असतील तर एसिंक्रोनस डिलिव्हरी वेगळी चालू करावी लागते.

एकाच टाइमस्टॅम्पचे दोन मेसेज आले तर? त्यांच्यातला क्रम स्टँडर्ड ठरवत नाही, दोन फेडरेटना तो वेगवेगळा दिसू शकतो. बॅटरी आणि विमान दोघांनीही १३०० चा मेसेज टाकला आणि तुमच्या कोडमध्ये जो आधी आला त्याच्यावर निकाल अवलंबून असेल तर रन पुन्हा केल्यावर निकाल बदलणार, मग तुम्ही दोन दिवस रँडम सीड तपासत बसणार. उपाय साधा आहे, कॉलबॅकमध्ये (मेसेज आला की आरटीआय तुमचं जे फंक्शन चालवतो त्यात) मेसेजवर काहीही प्रोसेस करू नका, नुसता यादीत टाका. ग्रँट आला की ती यादी टाइमस्टॅम्प, मग मेसेजचा प्रकार, मग पाठवणाऱ्याचा ठरलेला नंबर, मग त्याचा सिक्वेन्स नंबर अशी लावून घ्या आणि मग हाताळा. पाठवणाऱ्याचा नंबर तुम्ही स्वतः ठरवलेला असू दे, आरटीआय देतो ते हँडल दर रनला बदलू शकतं.

आणि वेळ फ्लोटमध्ये ठेवू नका हो. ०.१ दहा वेळा मिळवलं की डबलमध्ये १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. एका फेडरेटने वेळ अशी बेरीज करत नेली आणि दुसऱ्याने पायरीचा नंबर गुणिले ०.१ केलं, की दोघांचा "एक सेकंद" वेगळा, आणि एकाच वेळेच्या म्हणून धरलेल्या घटना आगेमागे होतात. १५१६ च्या २०१० च्या आवृत्तीत ६४ बिट पूर्णांकाची वेळ दिलेली आहे, ती घ्या, मायक्रोसेकंदात मोजलंत तरी आयुष्यभर पुरेल.

सुरुवातीचा एक घोळ तुमच्याकडे दिसेल किंवा दिसला असेल. पहिला फेडरेट जोडला गेला, तो एकटाच रेग्युलेटिंग आहे, त्याला अडवणारं कोणाचंच वचन नाही, म्हणजे त्याच्यापुरता गॅल्ट अनंत. बाकीचे लोड होईपर्यंत हा पठ्ठ्या सिम्युलेशनच्या शेवटाला पोचलेला असतो, आणि नंतर आलेल्यांना जुन्या वेळेवर सुरुवातच करता येत नाही कारण त्याला दिलेली हमी मोडेल. यासाठी सिंक्रोनायझेशन पॉइंट असतात. सगळे जोडले गेले, सगळ्यांचं रेग्युलेटिंग आणि कन्स्ट्रेंड चालू झाल्याचा कॉलबॅक आला, सगळ्यांनी "तयार" म्हटलं की मगच पहिली वेळ मागायची. नुसता पाच सेकंदांचा स्लीप टाकून भागवणारी मंडळी आहेत, डेमोच्या दिवशीच ते बरोबर फसतं.

हे सगळं सांगितलं ते अॅनालिसिससाठी चाललेल्या, म्हणजे जमेल तितक्या वेगाने पळणाऱ्या सिम्युलेशनबद्दल. समोर माणूस बसलाय, हातात जॉयस्टिक आहे, असा ट्रेनर असेल तर माझं मत उलटं आहे. तिथे टाइमस्टॅम्प ऑर्डरच्या मागे लागू नका, एक मशीन अडखळलं की सगळ्यांचं चित्र थिजतं, आणि माणसाला पाव सेकंद थिजलेलं चित्र क्रम चुकलेल्या एखाद्या मेसेजपेक्षा जास्त खुपतं. सिमनेट हे लष्करी ट्रेनर जोडणारं जुनं नेटवर्क आणि त्यातून १९९३ मध्ये स्टँडर्ड झालेलं डीआयएस याच हिशोबाने बनलं, मेसेज हरवला तर हरवला, मधल्या काळात डेड रेकनिंगने, म्हणजे शेवटच्या कळलेल्या जागेवरून आणि वेगावरून, जागेचा अंदाज बांधत राहायचं, आणि काही बदललं नाही तरी साधारण पाच सेकंदांनी पुन्हा स्थिती कळवायची. तिथे मात्र तुमचं एनटीपी, आणि जमलं तर त्याहून अचूक पीटीपी, खरंच कामाला येतं, कारण मेसेज किती शिळा आहे हे कळलं तरच अंदाज नीट बांधता येतो. फक्त डीआयएसचा टाइमस्टॅम्प तास सुरू झाल्यापासून मोजतात, तासाचे दोनचा ३१ वा घात इतके भाग, एक भाग सुमारे १.६७६ मायक्रोसेकंदांचा, आणि दर तासाला तो पुन्हा शून्यावर येतो. तास बदलताना विमानं उड्या मारताना दिसली तर आधी तिथे बघा.

टाइम वॉर्प. जेफरसनची १९८५ ची कल्पना, आणि डोकं भारी आहे यात वाद नाही: कोणाची वाट बघायचीच नाही, पुढे जायचं, मागच्या वेळेचा मेसेज आलाच तर जुनी स्टेट परत आणायची, चुकून पाठवलेल्या मेसेजच्या मागे त्यांना खोडणारे अँटी-मेसेज सोडायचे. २०१३ मध्ये सिक्वोया आणि त्याला जोडलेल्या व्हल्कन या सुपरकॉम्प्युटरच्या मिळून १९,६६,०८० कोअरवर रॉस नावाच्या टाइम वॉर्प इंजिनने सेकंदाला ५०४ अब्ज घटना हाताळल्या, म्हणजे हे नुसतं कागदावरचं नाही. पण ते बेंचमार्क मॉडेल होतं, पहिल्या ओळीपासून रोलबॅकसाठी लिहिलेलं. तुमच्या विमानाच्या फेडरेटला मागची स्टेट परत आणता येते का? त्यात बाहेरून आणलेली एखादी फ्लाइट डायनॅमिक्सची लायब्ररी असेल, तिच्या पोटातली स्टेट कशी सेव्ह करणार? फाइलमध्ये लिहून झालेली ओळ, स्क्रीनवर दाखवलेला स्फोट, हे मागे घेता येत नाहीत, ते जागतिक किमान वेळ, म्हणजे जीव्हीटी, तिथून पुढे सरकेपर्यंत रोखून धरावे लागतात, आणि ती जीव्हीटी काढताना वाटेतले मेसेजही हिशोबात धरावे लागतात, हा वेगळाच ताप. चार फेडरेटसाठी एवढा खटाटोप करू नका. लुकअहेड मॉडेलमधून निघतच नसेल, घटना अगदी अनियमित असतील आणि इंजिन तुम्ही स्वतः लिहिणार असाल, तर बोलू.

सध्या एवढं करा. प्रत्येक फेडरेटमध्ये दर पावलाला एक ओळ लिहा: मागितलेली वेळ, मिळालेली वेळ, क्वेरी गॅल्टचं उत्तर, आणि मागणं ते मिळणं यात भिंतीवरच्या घड्याळाने गेलेला वेळ. जो फेडरेट जवळजवळ कधीच थांबत नाही तोच बाकीच्यांना अडवतोय, एकतर त्याचं गणित जड आहे नाहीतर त्याचा लुकअहेड बारीक आहे. डीबगरमध्ये ब्रेकपॉइंटवर उभा केलेला फेडरेट पण अगदी असाच दिसतो, तेव्हा आरटीआयला शिव्या घालायच्या आधी शेजारच्या टेबलावर कोणी ब्रेकपॉइंट लावून चहाला गेलंय का ते बघून या. लॉगरचं कन्स्ट्रेंड, एफओएममधला ऑर्डर आणि रडारचा लुकअहेड हे तीन बदल एकेक करून करा, एकदम नाही, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच सीडने दोन रन घेऊन लॉगरच्या फाइल डिफ करून बघा. फरक आला तर त्या दोन फाइलमधल्या पहिल्या वेगळ्या ओळीच्या आजूबाजूचा भाग इथे टाका, पुढचं त्यावरून बघू.